सहलीच्या वेळापत्रकात पथ्याला जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की आपल्या वृत्तपत्रात थंड हवेच्या ठिकाणांच्या सहलींच्या जाहिराती दिसू लागतात आणि मे महिन्यात 43 अंशांवर तापणाऱ्या परभणीतील माणसाला त्या नुसत्या वाचूनही गारवा वाटतो. या जाहिरातींत 'सोबत मराठी आचारी', 'रोज एक गोड पदार्थ', 'हवा तेवढा चहा-नाश्ता' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. जेवण किती वाजता मिळेल, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. माझ्यासारख्या मधुमेही प्रवाशाला नेमके तेच आधी कळायला हवे असते, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त शिक्षिका असून गेली 11 वर्षे मला मधुमेह आहे. घरी पथ्य पाळणे मला कधी जड गेले नाही, कारण ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी आणि जवसाची चटणी हे आमच्याकडचे नेहमीचेच जेवण आहे. गेल्या मे महिन्यात मी यजमानांसह एका सहल कंपनीबरोबर उत्तराखंडातील नैनिताल, अल्मोडा आणि कौसानी येथे गेले होते. परभणीहून सचखंड एक्सप्रेसने निघताना डब्यात दोन दिवस टिकतील असे ज्वारीचे धपाटे होते, वाटेत त्या गाडीच्या प्रवाशांना मिळणारा लंगरचा प्रसाद, म्हणजे वरण आणि रोटी, मिळाला, आणि दिल्लीपर्यंत माझे पथ्य घरच्यापेक्षाही चोख राहिले. ते बिघडले पुढे, पैसे भरून घेतलेले जेवण सुरू झाल्यावर.

पहिल्याच रात्री आमरस-पुरी होती, दुसऱ्या दिवशी गुलाबजाम. 'सहलीत कसले पथ्य, ताई!' हा वाढणाऱ्याचा आग्रह मी हसून परतवू शकले, पण चहाचे काय? तो मोठ्या भांड्यात साखर घालूनच उकळलेला असे. कपाला दोन चमचे धरले तर थंडीत सहज होणाऱ्या चार कपांतून 32 ग्रॅम साखर पोटात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने दिवसभरातील वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आसपास राखणे अधिक हितकारक आहे. कौसानीला 1929 साली गांधीजी काही दिवस राहिले होते आणि ती जागा आज अनासक्ती आश्रम म्हणून ओळखली जाते. तो आश्रम पाहून आलेल्या आमच्या गटाने लगेच खालच्या दुकानात जिलबीसाठी रांग लावली, त्या रांगेत मीही होते, हे कबूल करते.

खरे आश्चर्य मला कौसानीच्याच रस्त्यावरील एका लहानशा खानावळीत वाटले. तेथे मंडुव्याची रोटी आणि गहतची डाळ मिळत होती. मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे आपले हुलगे, ज्यांचे शेंगोळे आम्ही लहानपणापासून खात आलो. तिसरा पदार्थ होता भट्टची चुडकाणी. भट्ट हे काळे सोयाबीन आहे हे कळल्यावर यजमान पाहतच राहिले, कारण आमच्या भागातील शेतकऱ्याला सोयाबीन म्हणजे आडतीवर नेऊन घालायचे पीक, ते घरात शिजवून खायचे असते हे त्यांच्या कधी मनातही आले नव्हते. त्या दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासलेली साखर सबंध सहलीतील सर्वांत चांगली निघाली. डोंगरातील माणसे रोज खातात ते अन्न आम्हाला पथ्याचे होते. आम्हाला मात्र तेथे मैद्याची पुरी, पनीर आणि डब्यातला आमरस वाढला जात होता. आचाऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, 'भाकरी केली तर लोक नावे ठेवतात.' त्यात त्याचा दोष नाही.

परतीच्या वाटेवरील प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जेवण एक वाजता मिळेल असे सांगितल्यामुळे मी साडेबाराला जेवणाआधीची गोळी घेतली आणि भवालीच्या अलीकडे आमची बस वाहनांच्या रांगेत अडकली. अडीचच्या सुमारास मला घाम फुटला, हात थरथरू लागले. यंत्रावर साखर 58 दिसली. 70 च्या खाली गेली की ती कमी समजतात. यजमानांनी घाबरून अल्मोड्याहून नातवंडांसाठी घेतलेला बाल मिठाईचा, म्हणजे तिकडच्या खव्याच्या मिठाईचा, डबा उघडला, पण शेजारच्या बाईंनी त्यांना थांबवून पर्समधली साखरेची पाकिटे काढली आणि तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून मला प्यायला दिली. पंधरा मिनिटांत बरे वाटले. नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितले की त्या बाईंचेच बरोबर होते, कारण खव्यातील स्निग्धांशामुळे मिठाईतील साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. ज्या साखरेपासून आठवडाभर पळत होते, तिनेच वाचवले. घाटात खोळंबा होणारच, त्याबद्दल कोणालाही बोल लावता येत नाही. पण बसमध्ये फुटाणे, केळी आणि साखरेचा एक पुडा ठेवण्याला कितीसा खर्च येतो?

सहल कंपन्यांकडे माझे मागणे फार नाही. कार्यक्रमपत्रिकेत स्थळदर्शनाबरोबर जेवणाच्या वेळाही छापाव्यात, उशीर होणार असेल तर बस सुटतानाच तसे सांगावे म्हणजे आम्ही गोळी थांबवून धरू, चहाची एक किटली बिनसाखरेची ठेवावी आणि दिवसातून एका जेवणात त्या भागातील भरड धान्याची रोटी द्यावी. इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी हॉटेलात शीतकपाटाची सोय असावी, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे, कारण गोठलेले इन्शुलिन निकामी होते. सहलींना येणाऱ्यांत निवृत्तांचा भरणा किती असतो, हे या कंपन्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

येत्या मे महिन्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत. या वेळी पैसे भरण्यापूर्वी मी तीन कंपन्यांकडे जेवणाच्या वेळा लेखी मागितल्या. एकीने उत्तर दिले नाही, दुसरीने 'वेळेवर मिळेल' असे कळवले, आणि तिसरीने दिवसवार तक्ता पाठवला. नोंदणी तिसरीकडे केली आहे. धपाटे मात्र या वेळी दुप्पट नेणार.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी