मामा क्रिऑनचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अँटिगनीवर लेख आला, बरं वाटलं, अधिवेशन आणि मोर्च्यांच्या बातम्यांतून सोफोक्लीजसारख्या जुन्या ग्रीक नाटककाराला अर्धं पान मिळालं म्हणजे कमाल आहे. त्याच्या ह्या नाटकात दोघं भाऊ लढाईत मरतात, राजा क्रिऑन हुकूम काढतो की गावावर चालून आलेल्या पॉलिनायसीसला कोणी पुरायचं नाही, पुरेल त्याला मरण, आणि बहीण अँटिगनी तरीही त्याच्यावर माती टाकते. पण लेखकानं शेवटी जे म्हटलंय की क्रिऑननं राजधर्म पाळला, अँटिगनीनं घरचा धर्म पाळला, दोघंही आपापल्या जागी बरोबर, ते काही पटलं नाही बुवा. अंबाझरीला आमचा मॉर्निंग वॉकचा ग्रुप आहे, तिथंही यावरून जुंपली, आमच्यातले एक रिटायर्ड तहसीलदार म्हणाले की क्रिऑनची ऑर्डर लीगल होती, विषय संपला.

संपला कसा? लेखात एक गोष्ट आलीच नाही. क्रिऑन हा अँटिगनीच्या आईचा, योकास्टाचा भाऊ, म्हणजे अँटिगनीचा आणि मेलेल्या पॉलिनायसीसचा सख्खा मामा. (तिचा बाप इडिपस, त्याच्या घरातली नाती सांगायला बसलं तर डोकं गरगरतं, पण मामा हे पक्कं.) बाप गेलेला, दोघं भाऊ एकमेकांच्या हातून मेलेले, घरात मोठा पुरुष उरला तो हाच, मयताचं करायची जबाबदारीही मग ह्याचीच की. एका भाच्याला हा इतमामानं पुरतो, दुसऱ्याला कुत्र्या-गिधाडांपुढे टाकतो आणि वर भाषण ठोकतो की देशापेक्षा मित्राला जो मोठा मानतो त्याची माझ्या लेखी किंमत शून्य. घर एकीकडे अन् राज्य दुसरीकडे अशी वाटणी इथं आहे कुठं? दोन्ही ओझी एकाच माणसाच्या डोक्यावर होती, त्यातलं एक त्यानं सोयीनं खाली टाकलं. आपल्याकडे लग्नात गुरुजी हाक देतात, मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावे, अन् हा मामा भाचीला पाठवतो ते गुहेत चिणायला, आणि ती पोरगी जाताना त्या गुहेलाच आपली लग्नाची खोली म्हणते. लग्न ठरलेलं कोणाशी, तर ह्याच मामाच्या पोराशी, हेमॉनशी.

तहसीलदार साहेबांचं म्हणणं, पॉलिनायसीस परकी फौज घेऊन स्वतःच्याच गावावर चालून आला, मग शिक्षा नको का? हवी नं. खुद्द अथेन्समध्येही देशद्रोह्याला आपल्या मातीत पुरू देत नसत, पण हद्दीबाहेर नेऊन पुरायची वाट तरी मोकळी होती, क्रिऑननं तेवढीही ठेवली नाही. आणि सोफोक्लीज काही सरकारवर खार खाऊन बसलेला कवी नव्हता, इ.स.पू. ४४३ च्या सुमारास तो अथेन्सच्या खजिन्याचं काम बघत होता, पुढे सामोसच्या युद्धात पेरिक्लीजसोबत सेनापतीही होता. नाटक ह्याच काळातलं, इ.स.पू. ४४१ च्या आसपासचं.

त्यामुळेच क्रिऑनचा कारभार इतका खरा वाटतो. पहारेकरी घाबरत घाबरत खबर आणतो की मढ्यावर कोणीतरी माती टाकली, तर पहिला संशय काय, पैसे खाल्ले. आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस समजवायला येतो, त्यालाही तेच, तू विकला गेलास. पोरगा सांगतो की बाबा, लोक अंधारात कुजबुजताहेत, तुमच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नाही, तर पोरगा बाईचा गुलाम. जाहीर केलेली शिक्षा होती गावासमोर दगडांनी ठेचून मारायची, ती ऐनवेळी बदलून गुहेत कोंडणं केलं, सोबत थोडंसं अन्न, का तर गावाला पाप लागू नये. कागदोपत्री हात स्वच्छ! हे सुचायला सरकारी ऑफिस आतून बघितलेलं असावं लागतं. मला तर वाटतं दगड मारायला लोक लागतात आणि लोक आपल्या बाजूचे नाहीत हे त्याला कळून चुकलं होतं.

शेवटी घाबरतो तेव्हा कोरसमधले म्हातारे स्पष्ट सांगतात, जा, पोरीला सोडव आणि त्या मढ्याला थडगं बांध. हा उलटं करतो. आधी मढ्याकडे जातो, उरलंसुरलं धुतो, जाळतो, वर मातीचा ढीग रचतो, सगळं विधिवत, आणि मग गुहेकडे वळतो. तोवर तिनं फास लावून घेतलेला, पाठोपाठ पोरगा गेला, मग बायको.

अँटिगनीला देवी करायची मात्र गरज नाही. बहीण इस्मिनी तिच्यासोबत मरायला तयार होते तर तिला काय तोडून बोलते ती! आणि नंतर म्हणते की नवरा किंवा मूल असतं तर मी हे केलं नसतं, ते दुसरं मिळालं असतं, आईबाप गेल्यावर भाऊ कुठून आणू? कोर्टात टिकणार नाही हे आर्ग्युमेंट, पण घरातलं माणूस गेलेल्याला ते कळतं.

कोर्टाची गोष्ट हवी तर दुसरा ग्रीक नाटककार एस्किलस, त्याची ओरेस्टिया वाचावी, इ.स.पू. ४५८. बापाचा सूड म्हणून आईला मारणाऱ्या ओरेस्टिसचा खटला अथीना देवी नागरिकांच्या ज्युरीपुढे नेते, मतं समसमान पडतात, तो सुटतो. अथीना उघड सांगते की मला आईच नाही म्हणून मी बापाच्या बाजूची, असा जज आज असता तर तुमच्या पेपरात रोज पत्रं आली असती. पण आईच्या खुनासाठी ओरेस्टिसच्या मागे लागलेल्या आणि आता हरलेल्या सूडदेवतांना ती हाकलत नाही, मनधरणी करून गावातच मानाची जागा देते. क्रिऑनकडे हरलेल्याला द्यायला काहीच नाही.

राज्य नाट्य स्पर्धेत नागपूरच्या एखाद्या ग्रुपनं आता सोफोक्लीजचंच एजॅक्स करावं असं मनात आहे. त्यात मढं पुरायला नकार देणारे राजे आहेत, आणि मेलेल्याची बाजू घेऊन भांडतो कोण, तर त्याचा पक्का वैरी ओडिसियस, कारण म्हणतो मलाही एक दिवस ह्याचीच गरज पडणार. फक्त एजॅक्स मेल्यानंतरचा भाग लांबतो म्हणून डायरेक्टरनं कापू नये, सगळं राजकारण त्यातच आहे.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर