मागीलदार सोडताना

चिपळूण, वैशाख

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बांधाबांध कुठवर आली?" भांड्याकुंड्यांची झाली रे. अडकले आहे ती मागीलदारी. रोज सकाळी चहा घेऊन पायरीवर बसते, काय न्यायचं ते ठरवते, आणि उन्हं विहिरीवर येईपर्यंत सगळं पुन्हा बदलतं.

जायचं हे नक्की, त्यात दुमत नाही. २००५ च्या २६ जुलैला वाशिष्ठी घरात गुडघाभर आली तेव्हा तू चौथीत होतास, तुला ती मजाच वाटली होती. २०२१ च्या २२ जुलैचा दिवस आणि ती रात्र आम्ही दोघांनी माळ्यावर काढली. खाली फ्रीज तरंगत भिंतीवर आपटत होता. तो आवाज अजून पाऊस लागला की कानात येतो. बाबांचे गुडघे आता शिडी चढणार नाहीत. चढावरचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट, सगळं योग्य आहे. रात्री उठून बॅटरी घेऊन पाणी कुठवर आलं ते बघायला नको, एवढीच झोप मला हवी आहे.

पण परसाचं काय सांगू? पूर ओसरला तेव्हा तिथे ढोपरभर गाळ होता. पपया माना टाकून गेल्या, जुना कढीलिंब गेला. मुळाशी साचलेलं पाणी त्यांना सोसत नाही. तुझे लहानपणचे फोटो, माझा शालू चिखलातून काढताना मी रडले नाही. पण पंधरा दिवसांनी न्हाणीच्या पाटाशी गाळ फोडून अळूचा कोंब वर आला, पाठोपाठ हळद, आणि मी तिथेच उभी राहून हमसून रडले. गौरींना त्याच हळदीच्या पानांवर पातोळ्या केल्या होत्या, आठवतं?

तेव्हा अळूचे कांदे आणि हळदीचे गड्डे येणारच. गवती चहाचा एक ठोंब, सोनटक्क्याचे कंद, आजीच्या अबोलीचं बी. अनंताची गुटी मी गेल्या पावसातच बांधली होती. साल गोल सोलून ओलं शेवाळ गुंडाळलं, वर प्लास्टिक. चांगली मुळं धरली आहेत, आता कुंडीत आहे. नव्या गॅलरीत ऊन सकाळी दहापर्यंतच येतं, तेवढ्यावर भागवेल बिचारी. माड आणि फणस राहतील.

आणि तुझा रातांबा. तिसरीत असताना आमसुलं करायला फोडलेल्या फळांतली एक बी तू करवंटीत रुजवलीस. मग दर एप्रिलला सुट्टी लागली की झाडाखाली उभा राहून वर बघायचास. आठव्या वर्षी फुललं, पण एक फळ धरलं नाही. पुढच्या वर्षीही तेच. बाबा दापोलीच्या कृषी विद्यापीठात विचारून आले, झाड नर आहे. रातांब्यात नर आणि मादी वेगवेगळे, आणि बियांचं झाड फुलेपर्यंत काही कळत नाही, म्हणून तर लोक कलमं लावतात. आजोबा म्हणाले, तोडू आणि तिथे कलम लावू. तू बोलला नाहीस, पण त्या रात्री जेवलाही नाहीस. झाड राहिलं.

एक गोष्ट तुला कधी सांगायची राहून गेली. शेजारच्या काकूंच्या दोन मादी झाडांना आधी जेमतेम फळ असायचं. तुझं झाड फुलायला लागलं तशा त्यांच्या फांद्या लगडू लागल्या. तेव्हापासून दर मे महिन्यात कुंपणावरून आपल्याकडे टोपली येते. सालं रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा रसात, अशी पाच-सहा वेळा. पुण्याला तुझ्या डब्यात जी आमसुलं येतात ना, ती त्या टोपलीतली.

जागा घेणाऱ्यांना मागे गोदाम बांधायचं आहे. मी त्यांना म्हटलं, रातांबा कुंपणाला लागून आहे, तुमच्या आड येत नाही. ते हो म्हणाले. माणसं चांगली वाटली, पण बांधकाम सुरू झालं की झाडाकडे कोण बघतं? तू एकदा येऊन त्यांच्याशी बोल. पुरुषमाणूस बोलला तर ऐकतील असं नाही रे, झाड लावणाऱ्याने बोलावं असं मला वाटतं. लेकीलाही आण. काकूंना सांगून ठेवलंय, त्यांच्या मादी झाडाचं एक कलम बांधून द्या. नव्या इमारतीच्या मागे ओढ्याच्या वर मोकळी जागा आहे, तिथे सोसायटी लावू देईल.

मृगाचा पाऊस पडला की ये. त्याआधी खणलेलं जगत नाही. दोन गोणपाटं आण आणि गाडीची डिकी रिकामी ठेव, फणसही भरायचे आहेत.

तुझी,
आई