राज्य लीगच्या अंतिम फेरीत राखीव संघ कशासाठी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर ऑस्ट्रेलियन फुटबॉलविषयी (लंबगोल चेंडूने, हात आणि पाय दोन्ही वापरून खेळला जाणारा तेथील खेळ) अलीकडे आलेल्या लेखात साउथ ऑस्ट्रेलियन नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच साउथ ऑस्ट्रेलिया राज्याची एसएएनएफएल, ही ‘राष्ट्रीय संघांत जागा न मिळालेल्या खेळाडूंची स्पर्धा’ असे सांगून एका वाक्यात आटोपली आहे. या राज्याच्या राजधानीत, ॲडलेडमध्ये, राहून ही लीग नियमाने पाहणाऱ्या वाचकाला हे वर्णन अर्धेच खरे वाटते. मात्र त्यातला जो भाग खरा आहे, तेच या लीगचे आजचे दुखणे आहे, आणि त्याविषयीच मला लिहायचे आहे.

ही लीग १८७७ साली स्थापन झाली. आज ज्या राष्ट्रीय स्पर्धेला आपण एएफएल (ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग) म्हणतो, ती मुळात १८९७ साली सुरू झालेली व्हिक्टोरिया राज्याची लीग असून तिला हे नाव १९९० मध्ये मिळाले. म्हणजे वयाने राज्य लीगच वीस वर्षांनी वडील आहे. येथील सर्वोत्तम खेळाडूला पंचांच्या मतांवरून दिले जाणारे मॅगॅरी पदक १८९८ पासूनचे आहे, तर एएफएलमधले त्याच तोडीचे ब्राउनलो पदक १९२४ चे. १९७६ साली स्टर्ट आणि पोर्ट ॲडलेड यांच्यातला अंतिम सामना पाहायला फुटबॉल पार्कवर ६६,८९७ प्रेक्षक जमले होते. १९९१ मध्ये ॲडलेड क्रोज आणि १९९७ मध्ये पोर्ट ॲडलेड राष्ट्रीय स्पर्धेत गेल्यावर गर्दी आणि पैसा दोन्ही तिकडे वळले, हे उघड आहे. तरीही नॉरवुड, स्टर्ट, ग्लेनेल्ग, सेंट्रल डिस्ट्रिक्ट हे क्लब कोणाच्या पोटात विलीन झाले नाहीत. आपापल्या वस्तीचे क्लब म्हणून ते आजही दर हिवाळ्यात मैदानात उतरतात.

या लीगच्या मोसमाची मांडणी मला एएफएलपेक्षा सरस वाटते. एएफएलमध्ये अठरा क्लब आणि प्रत्येकाचे तेवीस सामने असल्यामुळे काही प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा आणि काहींशी एकदाच गाठ पडते, आणि सोपे वेळापत्रक कोणाच्या वाट्याला आले यावर दरवर्षी वाद झडतात. येथे दहा संघ आणि अठरा सामने, त्यामुळे प्रत्येकाशी दोनदा खेळण्याचा हिशेब चोख बसतो. पहिले पाच संघ अंतिम टप्प्यात जातात. अव्वल संघाला पहिल्या आठवड्यात विश्रांती मिळते, दुसरा आणि तिसरा संघ हरले तरी त्यांना आणखी एक संधी असते, चौथ्या आणि पाचव्याला मात्र पराभव म्हणजे घरचा रस्ता. त्यामुळे एप्रिलमध्ये निसटलेला एखादा सामनाही सप्टेंबरमध्ये महाग पडू शकतो.

या चोख हिशेबाला २०१४ पासून तडा गेला आहे, कारण त्या वर्षापासून ॲडलेड क्रोज आणि पोर्ट ॲडलेड या दोन्ही एएफएल क्लबांचे राखीव, म्हणजे दुसऱ्या फळीचे, संघ या दहांत खेळतात. राखीव संघाची ताकद त्याच्या स्वतःच्या हातात नसते. वरच्या संघात दुखापती वाढल्या की खालचे चांगले खेळाडू वर ओढले जातात आणि राखीव संघ दुबळा होतो. दुखापती भरून आल्या की दोन महिन्यांनी तोच संघ जवळजवळ एएफएलच्या दर्जाचा होऊन उभा राहतो. एका क्लबला तो दुबळा असताना भेटतो आणि दुसऱ्याला बलाढ्य असताना, आणि गुणतक्त्यात दोन्ही विजयांची किंमत मात्र सारखीच धरली जाते. राखीव संघाच्या प्रशिक्षकाचे पहिले कामही सामना जिंकणे हे नसून वरच्या संघासाठी खेळाडू तयार ठेवणे हे असते, आणि यात त्याला दोष देता येणार नाही.

पोर्ट ॲडलेडचा संघ तीनदा अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला: २०१४ मध्ये नॉरवुडकडून चार गुणांनी, २०१७ मध्ये स्टर्टकडून अवघ्या एका गुणाने आणि २०१९ मध्ये ग्लेनेल्गकडून. येथे गोलाचे सहा गुण असतात आणि नेम थोडा चुकून चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण मिळतो, हे लक्षात घेतले म्हणजे ती दोन विजेतेपदे किती थोडक्यात वाचली ते कळेल. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये तर फ्रीमँटल या एएफएल क्लबशी करार करून त्यांच्या खेळाडूंना सामावून घेणाऱ्या पील थंडर क्लबने २०१६ आणि २०१७ अशी सलग दोन विजेतेपदे मिळवलीच.

पोर्टचे प्रकरण मात्र सरळ नाही, हे मान्य करायला हवे. राज्य लीगची छत्तीस विजेतेपदे या क्लबच्या नावावर आहेत, त्यांतले शेवटचे १९९९ चे (राष्ट्रीय स्पर्धेत गेल्यावरही पोर्टचा संघ राज्य लीगमध्ये खेळत राहिला होता), आणि त्यांच्या पोशाखाचे काळे-पांढरे पट्टे पाहून आजही अनेकांचे रक्त सळसळते. अशा संघाला ‘राखीव’ म्हणून बाहेर काढा, असे त्यांच्या पाठीराख्यांना तोंडावर सांगणे मला तरी जमणार नाही. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की या दोन्ही संघांनी अठरा सामने जरूर खेळावेत, परंतु अंतिम टप्प्यातील पाच जागा उरलेल्या आठ क्लबांसाठीच असाव्यात. एएफएलच्या खेळाडूने ठरावीक सामने खेळल्याशिवाय त्याला अंतिम टप्प्यात उतरवता येत नाही, असा नियम आजही आहे. पण त्याने फक्त ऐनवेळी आणलेले खेळाडू अडतात, मूळ विषमता तशीच राहते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की राखीव संघांमुळे स्थानिक तरुणांना वरच्या दर्जाची चव मिळते आणि त्यांची वाट सोपी होते. पण ती वाट स्थानिक क्लबातूनही जाते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमधील साउथ फ्रीमँटल क्लबकडून खेळणाऱ्या मार्लियन पिकेटला रिचमंड या एएफएल क्लबने २०१९ च्या मोसमाच्या मध्यावर निवडले, आणि त्याच वर्षी एएफएलच्या अंतिम सामन्यात पदार्पण करून त्याने गोलही केला. असे पदार्पण त्याआधी १९५२ साली झाले होते. शिवाय २०२० मध्ये साथीमुळे दोन्ही एएफएल क्लबांनी राखीव संघ उतरवले नाहीत, तेव्हा आठ क्लबांचा मोसम व्यवस्थित पार पडला आणि वूडव्हिल-वेस्ट टॉरेन्सने विजेतेपद मिळवले. राखीव संघांशिवाय लीगचे पान हलणार नाही, ही भीती त्या वर्षी तरी खोटी ठरली.

आपल्याला एक विनंती आहे. पुढील मोसमात या लीगचा गुणतक्ता छापलात तर टक्केवारीच्या रकान्याखाली एक ओळ अवश्य टाकावी. एएफएलमध्ये संघाने केलेल्या गुणांना प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या गुणांनी भागतात, म्हणून तेथे केलेले आणि दिलेले गुण सारखेच असलेला संघ शंभरावर असतो. येथे केलेल्या गुणांना दोन्ही बाजूंच्या एकूण गुणांनी भागतात, म्हणून तोच संघ पन्नासावर दिसतो, आणि पंचावन्न टक्क्यांचा दमदार संघ नवख्या वाचकाला विनाकारण गटांगळ्या खाणारा वाटतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, ॲडलेड