फ्लॉवरहॉर्न संकट घेऊन जात नाही, अमोनियाने मरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वास्तुशांतीला फ्लॉवरहॉर्न हा कपाळावर टेंगूळ असलेला शोभेचा मासा भेट देण्याची टूम सांगली-मिरजेत चांगलीच रुळली आहे. बोटाएवढा मासा, गोल भांडे किंवा दोन फुटी टँक, खाली रंगीत खडी आणि वर एक सल्ला : मासा गेला तर वाईट वाटून घेऊ नका, घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले असे समजा. सल्ला विकणाऱ्याच्या मोठ्या सोयीचा आहे. पहिला मासा तीन आठवड्यांत गेला तरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नाही. हात जोडते आणि दुसरा घेऊन जाते. त्या माशाने अंगावर नक्की काय घेतले, ते थेंब टाकून रंग बघायच्या तपासणी किटवर पाच-दहा मिनिटांत कळते. बहुतेक वेळा तो अमोनिया असतो.

हिशेब अवघड नाही. सहा-सात इंची मासा दिवसाला सुमारे ३ ग्रॅम दाणे खातो. चाळीस टक्के प्रथिनांच्या एवढ्या दाण्यांतून साधारण १०० मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात उतरतो, त्यातला बराचसा माशाच्या कल्ल्यांतूनच. २ × १ × १ फुटाच्या टँकमध्ये खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ लिटर पाणी बसते. म्हणजे एका दिवसात लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या वर. ४ × दीड × दीड फुटाच्या टँकमध्ये सुमारे २२० लिटर पाणी असते. तिथे तेवढ्याच दाण्यांतून अर्धा मिलिग्रॅम होतो आणि तो फिल्टरला पचतो.

यात आपल्या भागातल्या पाण्याची एक मेख आहे. बोअरचे पाणी जड, क्षारयुक्त, पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) आठच्या आसपास. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात तयार झालेला संकर. त्याचे पूर्वज मध्य अमेरिकेतले, जड पाण्यातले. त्यामुळे नुसत्या जड पाण्याने त्याचे काही बिघडत नाही. पण अमोनिया जितका पीएच सातला विषारी असतो, त्याच्या साधारण दसपट आठला होतो. कोकणातल्या मऊ पाण्यात जी हयगय खपून जाते, ती इथे खपत नाही. यावर उपाय म्हणून काही जण आरओचे किंवा विकतच्या जारचे पाणी ओततात. ते आणखी वाईट. त्यात क्षारच नसतात, पीएच धरून ठेवणारे काही उरत नाही आणि महिन्याभरात तो घसरत जातो. चांगले निवलेले नळाचे किंवा बोअरचे पाणीच बरे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. चोवीस तास बादल्यांत उघडे ठेवले, त्यात हवेचा दगड (मोटरच्या नळीला लावून बुडबुडे सोडणारा) सोडला, तर ते उडून जाते. घाई असेल तर दुकानात ‘हायपो’ म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे १०० लिटरला १ ग्रॅम पुरतात. आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी थेट सोडू नये. एप्रिल-मे महिन्यात दुपारी ते हात भाजेल इतके तापलेले असते, जानेवारीच्या पहाटे बर्फासारखे. बदलायचे पाणी आणि टँकचे पाणी यांत दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको.

टँकचे काम सुताराच्या भरवशावर सोडण्यासारखे नाही. चार फुटी, दीड फूट उंचीच्या टँकला १० मिलिमीटर काच लावावी. काच आणि पाणी मिळून वजन २७० किलोच्या पुढे जाते. स्टँड चौकोनी लोखंडी पाइपचा, तळाला पूर्ण टेकणारा आणि काच-फळीच्या मध्ये अर्ध्या इंचाचा थर्मोकोल. वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर तुळईजवळच्या भिंतीला लावून ठेवा, खोलीच्या मधोमध नको. पूरपट्ट्यात तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर २०१९ आणि २०२१ आठवावे : पाणी चढायला लागल्यावर भरलेला टँक कोणी उचलू शकत नाही.

फिल्टर म्हणजे कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज, असे समजून मोठा सिक्लिड (फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर वगैरे माशांचे कुळ) पाळता येत नाही. तासाला १५०० लिटर ओढणारा पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवायचा पंप, वर टॉप फिल्टरची पेटी, तिच्यात आधी जाड स्पंज, मग कापूस, शेवटी सिरॅमिकच्या कड्या. कड्यांवर वस्तीला येणारे जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचा नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नव्या टँकमधले मासे नेमके याच काळात मरतात. चालू टँकमधला मळका स्पंज मिळाला तर नव्या पेटीत घाला. निम्मे काम तिथेच होते. स्पंज नळाखाली धुतला की क्लोरीनने सगळी वस्ती साफ. टँकमधून काढलेल्या पाण्यातच तो पिळून घ्यायचा. कड्यांना हात लावू नये.

वीज गेली की पहिल्यांदा दाणे बंद. पॉवरहेड आणि हवेची मोटर मिळून चाळीसएक वॅटही घेत नाहीत, घरच्या इन्व्हर्टरवर निवांत चालतात. हीटर मात्र त्यावर टाकू नका. देखभालीसाठी दिवसभर वीज बंद असेल त्या दिवशी पेटीतले पाणी नासते, जिवाणू गुदमरतात. वीज आल्यावर ते घाण पाणी टँकमध्ये सोडण्याआधी पेटी रिकामी करा.

आता स्वभावाकडे, कारण याचीच भीती जास्त आणि माहिती कमी. फ्लॉवरहॉर्न, रेड डेव्हिल, जॅग्वार हे एका टँकमध्ये एकच. सोबतीला दुसरा दिला तर एकटेपण जात नाही, दुसरा मासा जातो. ऑस्कर त्या मानाने सोसणारा, पण दोन ऑस्करना सहा फूट तरी हवेत. नवा मासा सोडायचाच असेल तर आधी दगड, लाकूड सगळे हलवून मांडणी बदला; जुन्याला आपली हद्द ओळखू येत नाही, तेवढ्यात नवा स्थिरावतो. दोघे जबडा जबड्यात धरून ढकलाढकली करत असतील तर ती ताकद आजमावणे आहे, दोन मिनिटांत सोडतात. पण एक जण वरच्या कोपऱ्यात हीटरमागे उभा, शेपटीच्या चिंध्या, खवले उडालेले, असे दिसले की वाट पाहू नका. भोके पाडलेली अॅक्रिलिकची फळी मध्ये घाला, दोन्ही काचांना खाच करून पक्की बसवा. नुसती खोचलेली फळी हे मासे कपाळाने ढकलून पाडतात.

ऑस्करचे एक रुसणे असते. पाणी बदलले, टँक हलवला, शेजारचा मासा काढला की तो काळवंडतो आणि तळाला आडवा पडून राहतो. घरचे घाबरतात आणि निळे औषध ओततात. कल्ले बघा. हालचाल संथ असेल तर दिवा बंद करून दोन दिवस सोडून द्या. भूक लागली की उठतो. कल्ले भरभर चालत असतील, लाल पडलेले असतील आणि मासा पृष्ठभागाला तोंड लावून असेल तर तो रुसवा नाही, ते पाण्याचे विष आहे. लगेच निम्मे पाणी बदला आणि दाणे बंद करा. नायट्राइट चढला असेल तर १० लिटरला १ ग्रॅम खडे मीठ घाला. मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात कमी शिरतो.

खडी उकरणे हा सिक्लिडचा धर्म आहे. तोंडात घास भरून खडी उचलतात, दुसऱ्या कोपऱ्यात थुंकतात, तासाभरात काच उघडी पाडतात. म्हणून मोठा दगड आधी काचेवर टेकवा आणि खडी नंतर पसरा. खडीवर ठेवलेला दगड खालून पोखरला गेला की कलंडून काच फुटते. हीटरला प्लास्टिकची जाळी हवी आणि पाणी काढण्याआधी तो बंद हवा, नाहीतर उघडा पडलेला तापलेला हीटर गार पाणी लागताच तडकतो. लिटरला एक वॅट धरून २०० वॅटचा घ्या. पाणी २७-२८ अंशांवर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः साताऱ्याकडे, हीटरशिवाय अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके येतात. तेव्हा तापमान रोज एकेक अंशाने वाढवत ३० वर न्यावे, लिटरला २ ग्रॅम मीठ घालावे आणि हवा वाढवावी.

कोंबडीचे काळीज, मटणाचे तुकडे देऊन मासा ‘लवकर मोठा’ करायची खोड सोडावी. जनावराची चरबी त्याच्या यकृतात साठते. दोन मिनिटांत संपतील इतके दाणे, दिवसातून दोनदा, आठवड्याला एक उपास. डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोके पडू लागली की लोक मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या शोधतात. आधी नायट्रेट तपासा. दर आठवड्याला तळातला मैला नळीने ओढून तीस टक्के पाणी बदलले, म्हणजे २२० लिटरच्या टँकला १५ लिटरच्या चार-पाच बादल्या, तर ही पाळी सहसा येत नाही. फ्लॉवरहॉर्नच्या कपाळावरचे टेंगूळ हे वाणावर आणि नर असण्यावर अवलंबून आहे. त्यासाठी तासन्‌तास आरसा दाखवून त्याला भांडत ठेवू नये. पाच मिनिटे पुरे.

आणि वाढलेला मासा कृष्णेत, सांगलीतल्या काळी खणीच्या तळ्यात किंवा साताऱ्याच्या एखाद्या तळ्यात ‘जीवदान’ म्हणून सोडणे थांबले पाहिजे. मंडईत चिलापी म्हणून मिळतो तो तिलापियाही सिक्लिडच. १९५२ मध्ये तो बाहेरून देशात आणला गेला. अंडी-पिल्ले तोंडात सांभाळतो, म्हणून स्थानिक माशांना भारी पडला आणि आता त्याला नदीतून काढणे कोणाच्या हातात नाही. ऑस्करची जोडी एका वेळी हजाराच्या वर अंडी घालते आणि पिल्ले राखते. नको झालेला मासा दुकानात परत द्या, मोठा टँक असलेल्याला फुकट द्या; नदी हा पर्याय नाही.

दुकानदारांना एकच विनंती. पिल्लांच्या टँकवर किमतीच्या पाटीशेजारी आणखी एक पाटी लावावी : ‘ऑस्कर. आज २ इंच, दीड वर्षात १० ते १२ इंच. आयुष्य १० वर्षांच्या पुढे. टँक किमान ४ फूट, एकालाच.’

आपला,
एक वाचक,
विश्रामबाग, सांगली