आयटीचा सर्व्हे नाइट शिफ्टलाही विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल एमआयडीसीतल्या काही कंपन्या हल्ली आयटी सर्व्हिसवर (म्हणजे कंपनीतली कॉम्प्युटर, सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांच्या कामावर) कर्मचारी समाधानी आहेत का याचा सर्व्हे घेतात. चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे. पण तो पोचतो कुणाकडं? लिंक येते ईमेलवर आणि ईमेल आयडी असतो ऑफिसातल्या लोकांना. मशीन शॉप, स्टोअर, डिस्पॅचला जी माणसं पूर्ण शिफ्ट स्कॅनर घेऊन ईआरपीत (कंपनीचा माल, बिलं, हिशेब ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एन्ट्र्या मारतात त्यांचा सगळ्यांचा मिळून एकच लॉगिन, त्यांना कुणी विचारतच नाही.

मी स्वतः डिस्पॅचला आहे म्हणून सांगतो. राज्याबाहेर ५० हजारांच्या वरचा, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा माल असला की ई-वे बिल (माल गाडीतनं न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) पाहिजेच, आणि ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या कंपनीला माल द्यायचा तर ई-इन्व्हॉइसपण (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) करावं लागतं, आयआरएन (पोर्टलवरनं मिळणारा बिलाचा नंबर) आणि क्यूआर कोड आल्याशिवाय ते बिल धरलंच जात नाही. आता रात्री साडेनऊला सर्व्हर बसला तर काय होतं बघा, गाडी भरून उभी, ड्रायव्हर सारखा केबिनमध्ये डोकावतोय, पार्टीचे फोनवर फोन, आणि आयटीवाले सहालाच घरी गेलेले. तिकीट (सिस्टीमवर तक्रारीची नोंद) टाकायचं आणि बसायचं. सकाळी येऊन ते सर्व्हर रिस्टार्ट करतात, तिकीट क्लोज होतं आणि रिपोर्टला लागतं की प्रॉब्लेम १५ मिनिटांत सुटला, कारण मोजणी फक्त ऑफिस टाइमची! गाडी रात्रभर गेटवर होती ते कुठंच येत नाही.

यात आयटीच्या पोरांचा दोष नाही, दोघं-तिघं सगळा प्लांट सांभाळतात बिचारे. मोजायची पद्धतच चुकलीय.

दुसरं म्हणजे सर्व्हेत द्यायचे ते पाच स्टार. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली ही सहमत-असहमतवाली पद्धत मांडली तेव्हा एकाच विषयावर बरीच विधानं देऊन सगळ्यांची मिळून बेरीज धरली होती. आपल्याकडं एकच प्रश्न, तोपण इंग्रजीत, वर नाव आणि एम्प्लॉयी कोड कंपल्सरी. इन्क्रिमेंट तोंडावर असताना कोण खरं लिहील सांगा? आणि निम्म्यांनी ५ दिले, निम्म्यांनी १ दिला तर सरासरी येते ३, म्हणजे साहेबांना वाटणार सगळं ठीक चाललंय.

माझं मालक लोकांना आणि इंडस्ट्रीजच्या असोसिएशनना कळकळीचं सांगणं आहे, प्रश्न मराठीत विचारा, नाव घेऊ नका, ईमेल नसंल तर टाइम ऑफिसजवळ कागद आणि पेटी ठेवा. मागच्या महिन्यात सिस्टीममुळं किती तास काम थांबलं, कुठल्या शिफ्टला, आणि तिकीट क्लोज झाल्यावर तोच प्रॉब्लेम परत आला का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळंल. उत्तरं डिपार्टमेंट आणि शिफ्टप्रमाणं वेगळी काढा, आणि त्यातनं काय बदललं ते नोटीस बोर्डवर लावा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी पेन पण उचलणार नाही.

– डिस्पॅच विभागातला एक कर्मचारी, गोकुळ शिरगाव, कोल्हापूर