यॉर्कचं कॉन्व्हेंट: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, सिस्टर एकदा मठात गेल्या की बाहेर पडत नसत, तर त्यांच्या शाळा जगभर पसरल्या कशा, हे तुम्ही बरोबर विचारलंत. सगळं भांडण त्याचंच होतं. १५६३ साली ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने त्यांच्यावर मठबंदी, म्हणजे मठाबाहेर न पडण्याचा नियम, पक्की केली. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या मेरी वॉर्डला ती मान्य नव्हती. १६०९ मध्ये चारदोन मैत्रिणींना घेऊन तिने सँतोमेरला (आता फ्रान्समध्ये) घर मांडलं आणि मुलींना शिकवायला सुरुवात केली. मठबंदी नको, आणि वर बिशप नको, थेट पोप हवेत, जेझुइट या पुरुषांच्या पंथासारखं. बिशपांना दुसरी मागणी जास्त झोंबली असावी, असं मला वाटतं. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी संस्थाच मोडीत काढली आणि मेरीला म्युनिकमध्ये दुसऱ्या पंथाच्या मठात कोंडलं.

आई, तिथून ती लिंबाच्या रसाने चिठ्ठ्या लिहायची. रस वाळला की कागद कोरा दिसतो, शेकला की अक्षरं तपकिरी उमटतात. एकदा उमटली की ती जात नाहीत, त्यामुळे वाटेत कुणी चिठ्ठी वाचली तर ज्याची त्याला लगेच कळतं. त्यातल्या काही चिठ्ठ्या अजून आहेत.

संस्था मोडली तरी बायका मोडल्या नाहीत. १६८६ मध्ये त्यांच्यातल्याच फ्रान्सिस बेडिंगफील्ड यांनी यॉर्कला मिकलगेट बार या वेशीबाहेर घर घेतलं आणि तिथे मुलींची निवासी शाळा काढली. १६९९ मध्ये गरीब मुलींसाठी दिवसाची फुकट शाळाही जोडली. वेळ बघा: प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये त्याच सुमाराच्या कायद्याने कॅथलिकाने शाळा चालवली तर जन्मठेप होती आणि धर्मगुरूला पकडून देणाऱ्याला १०० पौंड बक्षीस! म्हणून सिस्टर मठाचा पेहराव न करता साध्या गृहिणींसारख्या राहत.

१७६९ मध्ये पुरं झालेलं चॅपल तर बघण्यासारखं आहे. आतून छान घुमट, पण वर नेहमीचं उतरतं पाटीच्या दगडाचं छप्पर चढवलेलं, त्यामुळे रस्त्यावरून घुमट दिसतच नाही. छापा पडला तर पांगायला आठ दारं आणि धर्मगुरूला लपायला जमिनीखाली खड्डा. जन्मठेपेची तरतूद गेली १७७८ मध्ये, म्हणजे हे सगळं धोका असतानाच बांधलं.

याच शाळेत डब्लिनची फ्रान्सिस बॉल शिकली आणि पुढे इथेच सिस्टर टेरेसा झाली. १८२१ मध्ये आयर्लंडला परतून तिने संस्थेची लोरेटो नावाची शाखा सुरू केली. त्या सिस्टर १८४१ च्या अखेरीस कलकत्त्याला उतरल्या, आणि लगेच पुढच्या वर्षी तिथे लोरेटो हाऊस शाळा उघडली.

यॉर्कची शाळा १९८५ पर्यंत कॉन्व्हेंटकडे होती. मेरी वॉर्डचं नाव संस्थापिका म्हणून घ्यायला मात्र सिस्टरांना १९०९ पर्यंत परवानगी नव्हती. आणि बाबा, गंमत म्हणजे मठबंदी शेवटी लोरेटोतही शिरलीच. मदर तेरेसा आधी त्याच पंथाच्या, कलकत्त्यातल्या एंटालीच्या शाळेत शिकवायच्या. वस्तीत काम करायला बाहेर पडायचं तर त्यांना १९४८ मध्ये रोमची परवानगी काढावी लागली.

तुमची लेक