आधी उतार, मग चढ : इंदूरजवळच्या सहलींचा उलटा हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाचे चार शिंतोडे पडले की आपल्या पुरवणीत पातालपाणी, तिंछा, चोरल, कजलीगढ, जानापाव अशी यादी येते. सोबत धबधब्याचा फोटो, इंदूरपासूनचे अंतर आणि 'सहकुटुंब एका दिवसाची सहल' ही ओळ. अंतर बरोबर असते, पण ते मोटारीचे. गाडी उभी केल्यावर किती खाली उतरायचे आणि तेवढेच परत कधी चढायचे, हे यादीत कुठेच नसते. इथल्या बहुतेक सहली बिघडतात त्या नेमक्या याच ठिकाणी.

माळव्याचे पठार उत्तरेकडे हळूहळू उतरत जाते, दक्षिणेला मात्र विंध्याच्या कड्यावर, नर्मदेकाठच्या निमाडच्या बाजूने, एकदम तुटते. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. महू किंवा सिमरोलकडे निघालात तर शेवटपर्यंत डोंगर म्हणून काही दिसत नाही. सोयाबीनची शेते, बांध, एखादी टपरी, आणि मग पायाखालची जमीनच संपते. समोर खोह, म्हणजे खोल दरी. डोंगर दिसला नाही म्हणून डोंगराची तयारीही नसते. पायात चपला, हातात पाण्याची एक बाटली आणि खांद्यावर स्पीकर.

पुण्याच्या नातेवाइकांकडे जाऊन सिंहगड चढून आलेली मंडळी इथे जास्त फसतात. आतकरवाडीतून सिंहगडाला निघालात आणि अर्ध्यावर दम लागला, तर मागे वळायचे, उतार आपोआप गावात आणून सोडतो. विंध्याच्या खोहीत दम लागतो तो तळाशी पोचल्यावर किंवा परतीच्या निम्म्या चढावर. तिथून सोपी वाट उरलेलीच नसते. पाय ताजे असताना उतार आणि थकल्यावर चढ, हा क्रम पक्का धरून सगळा बेत आखावा लागतो.

दरी किती खोल, याचा अंदाज रेल्वेने फार पूर्वी देऊन ठेवला आहे. पातालपाणी ते कालाकुंड हा मीटरगेजचा घाट सुमारे साडेनऊ किलोमीटरचा, चढ चाळीसास एक, म्हणजे चाळीस मीटर पुढे गेले की एक मीटर वर. कालाकुंडहून वर येणाऱ्या गाडीला मागून दुसरे इंजिन लावावे लागे. साधा भागाकार केला तरी उंचीतला फरक दोनशे मीटरच्या वर जातो. (या मार्गासाठी तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० मध्ये एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. इंदूरकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) २०१८ च्या डिसेंबरपासून याच टप्प्यावर हेरिटेज गाडी सुरू झाली. ती धावत असेल त्या दिवशी गाडीने उतरावे, स्थानकावर पानातला कलाकंद खावा आणि गाडीनेच परत यावे. लहान मुलांसाठी याहून चांगली सहल नाही. रुळांवरून चालत जाण्याची मात्र फॅशन झाली आहे. तो रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायलाही जागा बेताचीच असते.

आता वेळेचा हिशेब. सपाटीवर तासाला चार किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाला वर अर्धा तास, हा सरावाच्या माणसाचा वेग. दोन किलोमीटरच्या वाटेने अडीचशे मीटर चढायचे तर त्याला पाऊण-एक तास लागतो. घरातली सहा माणसे, त्यात एक आजोबा आणि एक सात वर्षांचा मुलगा असेल तर याची सरळ दुप्पट धरा. डिसेंबरात इंदूरला सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, पण खोहीच्या तळाशी ऊन त्याच्या तासभर आधीच जाते. म्हणून हिवाळ्यात दुपारी अडीचला तळ सोडायचा. ही वेळ घरून निघतानाच ठरवावी आणि सगळ्यांना सांगावी. खाली गार पाण्यात पाय सोडून बसल्यावर कुणालाच ती ठरवता येत नाही.

पाण्याचेही तसेच. माणशी तीन लिटर, आणि त्यातले दीड लिटर तळ सोडेपर्यंत उघडायचे नाही. उतरताना तहान लागत नाही, म्हणून लोक बाटल्या गाडीतच ठेवून जातात. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत अख्खी पुडी घातली तर द्रावण जास्त खारट होते आणि उलटीच येते.

वाट चुकण्याचे कारण बारकाईने पाहण्यासारखे आहे. खोहीत उतरणाऱ्या वाटा गुरांच्या आणि लाकूडफाट्याच्या. उतरताना त्या एकमेकींना मिळत मिळत नाल्याशी एक होतात, त्यामुळे उतरणारा चुकत नाही. परत येताना तीच वाट दर पन्नास पावलांवर फुटते, आणि सागाच्या रानात सगळे फाटे सारखेच दिसतात. उपाय साधा आहे. उतरताना जिथे दुसरी वाट येऊन मिळेल तिथे थांबायचे, मागे वळायचे आणि आपण आलो त्या वाटेचा फोटो काढायचा. समोरचा नव्हे, पाठीमागचा, कारण परतताना डोळ्यांपुढे तेच दृश्य असणार. खाली नेटवर्क नसते, कड्यालगत जीपीएसचा ठिपकाही इकडेतिकडे उड्या मारतो. नकाशा आधी उतरवून ठेवावा आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर सिग्नल शोधता शोधता बॅटरी संपते.

आणि तरीही चुकलात तर? 'पाण्याच्या कडेने खाली जा, गाव लागेल' हा सल्ला इथे जिवावर बेतू शकतो. हे नाले पायऱ्यापायऱ्यांनी पडतात, एका धबधब्याखाली दुसरा असतो. बेसॉल्टचे, म्हणजे लाव्हापासून झालेल्या काळ्या खडकाचे, थर एकावर एक आहेत, कठीण थराचा उभा कडा होतो आणि मधला मऊ तांबडा थर झिजून वरची कड पोकळ लोंबती राहते. म्हणूनच कड्याच्या टोकावरच्या गवतावर उभे राहून फोटो काढू नये, खाली दगड असेलच असे नाही. विंध्यात वाट चुकली तर वर जायचे. पठारावर शेत आहे, रस्ता आहे, फोन लागतो. आपत्कालीन क्रमांक ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

उतारावरचा मुरूम हा दुसरा शत्रू. कुजलेल्या बेसॉल्टचे वाटाण्याएवढे खडे कठीण खडकावर पसरलेले असतात आणि पायाखाली छऱ्यांसारखे फिरतात. भीतीने माणूस मागे रेलतो आणि नेमका तेव्हाच घसरतो. गुडघे किंचित वाकवून, वजन पुढच्या पायावर ठेवून, आखूड पावलांनी तिरके उतरावे. बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आणि बोटांकडे सैल बांधावी, आणि तीही वरच, निघतानाच. नाही तर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. दोन माणसे एकाच रेषेत वरखाली नकोत, दगड सुटला तर "दगड!" एवढेच ओरडायचे. फेब्रुवारीनंतर यावर सागाची वाळकी पाने पडतात, ती मुरमापेक्षा निसरडी. ओल्या दिवसांत काळा चकाकणारा खडक म्हणजे शेवाळ, तिथे महागातला बूटही धरत नाही. करड्या, खरबरीत दगडावरच पाय द्यावा.

पाण्याच्या लोंढ्याबद्दल दर वर्षी लिहिले जाते, तरी एक गोष्ट राहून जाते. २०११ च्या जुलैत पातालपाणीला माणसे वाहून गेली, त्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. आपल्या डोक्यावर पाऊस नव्हता म्हणून लोक बेसावध राहतात. पण धबधब्याचे पाणी वरच्या सपाट पठारावरून येते, महूच्या बाजूला झालेला पाऊस खोहीतून दिसत नाही. काळी माती एकदा भिजून फुगली की पुढचा पाऊस ती आत घेत नाही, सगळे पाणी नाल्याला लागते. पाण्याशी बसायचेच असेल तर काठावर, पाणी जिथे टेकते तिथे एक काडी रोवा आणि दर दहा मिनिटांनी तिच्याकडे बघा. काडी दोन बोटे बुडाली, पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज जड झाला, तर सामान तिथेच टाकून उंचावर जायचे. समोरच्या काठावर गेलेल्यांनी तिकडेच चढायचे. पात्र ओलांडून 'आपल्या बाजूला' यायच्या नादात जास्त माणसे जातात.

पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतात घोणस आणि फुरसे असतात, काठी आपटत चालावे. दंश झाला तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. पाय न हलवता माणसाला उचलून वर आणावे आणि थेट प्रतिविष मिळेल त्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, त्यांच्याखाली चूल पेटवू नये.

चुलीवरून दाल-बाफल्यांकडे, म्हणजे वरण आणि कणकेच्या भाजलेल्या गोळ्यांकडे, वळणे भाग आहे. खोहीत गोवऱ्या पेटवून बाफले करायचे आणि तुपात बुडवून खायचे हा इंदूरचा जुना शौक, त्यावर टीका करण्याची हिंमत नाही. फक्त जागा बदलावी. तुपातले चार बाफले पोटात घेऊन अडीचशे मीटर चढणे शक्य नसते, जेवणानंतर दोन तास लोळावे लागते आणि मग अंधारात चढ सुरू होतो. खाली खजूर, चिकी, शेंगदाणे, पोळीचा एखादा रोल एवढेच. बाफले वर, गाडीपाशी, चढून आल्यावर. भूकही तेव्हाच खरी लागते.

ज्यांना ही उलटी रीत जमत नसेल त्यांच्यासाठी जानापाव आहे. मानपूरजवळचा हा डोंगर ८५४ मीटर, म्हणजे इंदूरपेक्षा तीनशे मीटर उंच, आणि सरळ पद्धतीचा : आधी चढ, मग उतार. चंबळ इथे उगम पावते. माथ्याच्या एका अंगाचे पाणी यमुनेला मिळते, दुसऱ्या अंगाचे नर्मदेला. वरपर्यंत रस्ता असल्यामुळे कुणी थकले तर गाडी बोलावता येते. कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेचा दिवस तेवढा टाळावा.

तेव्हा विनंती एवढीच. पुढच्या यादीत प्रत्येक ठिकाणापुढे तीन आकडे छापावेत : गाडीपासून तळापर्यंत किती मीटर उतार, चढून यायला कुटुंबाला लागणारा वेळ आणि त्या महिन्यात तळ सोडण्याची शेवटची वेळ. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारी (१:५०,०००) नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वीस-वीस मीटरवर असतात, त्या मोजल्या की पहिला आकडा निघतो. बाकीचे दोन त्यावरून. धबधब्याचा फोटो थोडा लहान केला तर जागाही निघेल.

आपला,
एक नियमित वाचक, इंदूर